सगळी मुलं धड्यात दिसायला हवीत, पण त्यासाठी प्राथमिक शिक्षकाला आपण काय देतो?

भोंडला (धागाकर्ती)

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून पालेभाजी निवडताना दाखवले. बाई डॉक्टर, बाई वाहतूक पोलीस अशीही चित्रं आली. कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. आमच्या वर्गात त्या चित्रावर अख्खा तास गेला. एक पोरगा ठामपणे म्हणाला, "बाबा भाजी निवडत नाहीत." शेजारची लगेच म्हणाली, "माझे निवडतात, आई रात्रपाळीला असते तेव्हा." एका चित्राने एवढं बोलतं केलं.

पण पुस्तक साऱ्या राज्याला एकच. दिवाळीनंतर कारखान्यावर जाणारं ऊसतोड कुटुंब, पालावर राहणारं घर, आजीजवळ वाढणारं मूल, कुबड्या घेऊन येणारी मुलगी हे सगळं त्यात क्वचित भेटतं. ती भर शिक्षकाने घालायची असं सगळेच म्हणतात. त्याच्या हाती मात्र येतं परिपत्रक आणि दिनविशेषांची यादी. ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर पाठ केलेलं भाषण होतं. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला, हे मुलांपर्यंत पोचत नाही. शाळेत शिकणाऱ्या एका मुलीने लिहिलंय म्हटल्यावर चौथीतली मुलं कान टवकारतात, हे मी पाहिलंय.

माझी मागणी दोनच गोष्टींची. वर्गात थेट वापरता येईल असं साहित्य, आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेत ते एकत्र बसून तयार करायला एक तास.

खडूफळा

ताई, हेतू चांगला आहे, पण माझा विरोध नोंदवतो. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि बेरीज-वजाबाकी यावी, असं आहे. माझ्या चौथीत अजून जोडाक्षरावर अडखळणारी मुलं आहेत. शाळा द्विशिक्षकी. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, त्यात बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीची कामं सोडून बाकी अशैक्षणिक कामांना मनाई करतं, पण ते कागदावरच. अशात आणखी एक विषय माथी मारू नका. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या धड्यात त्याचं घर असलं काय नि नसलं काय!

सातपुडा_पायवाट

खडूफळा सर, विषय वाढवायची गरजच नाही. मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात शिकवतो, वर्गातली बहुतेक मुलं कोरकू आदिवासी. वजाबाकीचं शाब्दिक उदाहरण सफरचंदांचं होतं, ते बदललं. "मंगलीने १२ किलो ओली मोहफुलं वेचली, वाळल्यावर ४ किलो भरली, तर वजन किती घटलं?" उत्तर आलंच, वर पोरं वाद घालायला लागली की एवढं घटेल का, पाऊस लागला तर फुलं काळी पडतात मग भाव काय मिळणार. एरवी तोंड न उघडणारी मुलगी फळ्यापाशी येऊन भावाचा हिशेब मांडून गेली. वेळ तेवढाच लागला आणि गणितही तेच होतं. "ज्याला वाचता येत नाही" असं तुम्ही म्हणता, पण त्यातल्या कित्येकांना पुस्तकाची मराठीच परकी असते. त्यांच्यासाठी हाच वाचनाचा पाया आहे.

डोंगरपाडा

मी स्वतः आदिवासी आहे, आश्रमशाळेत शिकलो. मला दोन्ही बाजूंची भीती वाटते. आमच्या एका गुरुजींनी चांगल्या मनाने मला उभं केलं, "तुमच्या समाजाचा नाच करून दाखव." पोरं हसली. पुढे कितीतरी दिवस मी मागच्या बाकावर बसलो. प्रतिनिधित्व म्हणजे एका मुलाला सगळ्या जमातीचा नमुना करणं नव्हे. आणि आम्हाला कायम मोहफुलांतच का ठेवता? आमची पोरं इंजिनिअर, नर्स, तलाठी झालेली आहेत, तीही उदाहरणांत येऊ द्या.

भोंडला

डोंगरपाडा, तुमचं म्हणणं शब्दन् शब्द मान्य. म्हणून तर साहित्य हवं. हाताशी काही नसलं की गुरुजी समोरच्या मुलालाच साहित्य करतात. आणखी एक, मोहफुलांचं गणित धारणीइतकंच कोथरूडच्या पोरालाही सोडवायला द्या. नाहीतर "त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला" असंच होईल.

एक_पालक

लहान मुलांना जातपात ठाऊक नसते, शाळेने ती शिकवू नये. सगळ्यांना सारखं वागवा, झालं.

सातपुडा_पायवाट

ठाऊक नसते? शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात मोठ्याने वाचली जाते, तेव्हा ज्यांची नावं येतात त्या मुलांच्या माना बघा. दाखल्याच्या रकान्यापासून सगळं त्यांना कळतं. त्याबद्दल आदराने बोलणारं मोठं माणूस तेवढं मिळत नाही. सारखं वागवायचंय ना? मग ती यादी वाचणं आजच थांबवा, त्याला प्रशिक्षणही लागत नाही.

खडूफळा

गणिताचा मुद्दा पटला. उद्याच शाब्दिक उदाहरणं बदलतो, आमच्याकडे द्राक्षबागेतले मजूर आहेत. पण मुक्ता साळवेबद्दल अडचण सांगतो. आमच्या गावात दोन वस्त्यांचं पटत नाही. मी एकट्याने तो निबंध वर्गात घेतला, तर दुसऱ्या दिवशी चार माणसं शाळेत येतील आणि वरिष्ठ म्हणतील, "कोणी सांगितलं होतं?" तेव्हा शिक्षकामागे कोण उभं राहतं?

भोंडला

सर, एकट्याने घेऊच नका. शिक्षण परिषदेत पाठ तयार करायचा, त्यावर केंद्रप्रमुखांची सही घ्यायची आणि केंद्रातल्या सगळ्या शाळांनी तो एकाच आठवड्यात घ्यायचा. विचारायला कोणी आलं तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तोच पाठ वाचून दाखवायचा. आमच्या केंद्राच्या पुढच्या परिषदेत मी हा विषय मांडतेय. मसुदा इथेच टाकते, तुमच्या गावात कुठे अडेल तिथे खुणा करून द्या.