स्वतःला इजा केलेल्या पेशंटपाशी नर्सने थांबायचं की ड्रेसिंग करून निघायचं?

बँडेजवाली
मानसोपचार वॉर्डात काम करणाऱ्यांना आणि न करणाऱ्यांनाही विचारतेय. पर्सनॅलिटी डिसऑर्डरचे (स्वभावाची घडणच त्रासाची होऊन बसते तो आजार), त्यातही बॉर्डरलाइनचे (भावना आणि नाती टोकाची, कोणी सोडून जाईल ही सततची भीती) पेशंट अ‍ॅडमिट असले की स्टाफमध्ये एक भांडण ठरलेलं असतं. पेशंट रात्री स्वतःला जखम करून घेते, नवीन सिस्टर धावत जाते, ड्रेसिंग करते आणि मग तासभर तिच्या पलंगावर बसून हात हातात घेऊन बोलत राहते. तिला वाटतं हीच खरी नर्सिंग. मला वाटतं घोळ इथेच होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जखम बघा, ड्रेसिंग करा, पुन्हा करावंसं वाटतंय का, जीव द्यायचा विचार आहे का हे आडवळण न घेता विचारा, हाताशी धोक्याचं काही राहिलंय का बघा, डॉक्टरला कळवा, फाइलमध्ये लिहा, निघा. ओरडायचं नाही, टोमणा मारायचा नाही, 'परत?' असं तोंड करायचं नाही. पण मायेचा पूरही नको. दिवसभर ती शांत बसली होती तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही आणि रक्त दिसल्यावर तासभर माया मिळाली, तर ती यातून शिकणार काय? डीबीटीतही (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, अशाच पेशंटसाठीची बोलण्याची थेरपी) हाच हिशेब आहे, पेशंटने स्वतःला इजा केली की पुढचे २४ तास थेरपिस्ट फोनवर बोलत नाही. मार्शा लिनेहनबाईंनी ही थेरपी काही कोरड्या मनाने उभी केलेली नाही, तरुणपणी आपण स्वतः अशाच वॉर्डात पेशंट होतो हे त्यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं.

होऊ द्या चर्चा. फक्त 'सिस्टर लोकांना मनच नसतं' हे ऐकून कान किटलेत, ते सोडून बोला.

मधला_पलंग
प्रचंड असहमत. मी अशा वॉर्डात पेशंट म्हणून राहिलेय आणि तुम्ही सांगताय तसं शांत ड्रेसिंग माझं झालंय. सिस्टर आली, हातमोजे चढवले, एकदाही वर बघितलं नाही, गॉज, चिकटपट्टी, कात्रीचा कट् असा आवाज, 'अजून कुठे केलंय का?' 'नाही.' संपलं. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं ते कॉरिडॉर संपेपर्यंत ऐकू येत राहिलं. तुमच्या हिशेबाने त्या बाईचं काहीच चुकलं नाही. मला त्यातून एवढंच कळलं की मी किळसवाणी आहे, आणि ते मला आधीपासून वाटत होतं म्हणूनच तर केलं होतं.

आता त्याच्या आधीचं ऐका. त्याच संध्याकाळी मी काउंटरपाशी जाऊन म्हटलं होतं की मला बोलायचंय, डोकं बरं नाहीये. हँडओव्हर चाललंय, नंतर ये. नंतर गेले तर गोळ्यांचा राउंड. त्यानंतर गेले तर 'अगं झोप ना आता'. जखम केली की लोक येतात हे मला शिकवलं कोणी मग? त्या तास बसणाऱ्या नवीन सिस्टरने नाही शिकवलं, ती यायच्या आधीच माझा धडा पाठ झाला होता.

सिनिअर_सिस्टर
बँडेजवालीशी ९० टक्के सहमत. ते तासभर बसणं पेशंटच्या भल्याचं असतं असं सगळे धरून चालतात, मला ते सिस्टरच्या स्वतःच्या समाधानाचं जास्त वाटतं. पेशंट म्हणते 'बाकीच्या सिस्टर मशीन आहेत, तुम्ही एकट्याच मला समजून घेता' आणि कोणाला नाही आवडणार हो हे ऐकायला? मग 'हे कोणाला सांगू नका' असं एक गुपित येतं, मग एक सवलत, एखादा जास्तीचा फोन, आणि पुढच्या ड्यूटीला जी सिस्टर नियमाने वागते ती वाईट ठरते. आठवड्यात स्टाफचे दोन तट. पेशंट त्यात मुद्दाम काही करतेय असंही नाही, तिला माणसं अशीच दिसतात, आज देव उद्या दगड. आपण त्यात उतरायचं की नाही हे आपल्या हातात असतं.

टॉम मेन नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९५७ मध्येच यावर लिहून ठेवलंय. ज्या पेशंटमुळे अख्ख्या वॉर्डात भांडणं झाली अशांच्या नर्सेसना बसवून ते बोलले, तर प्रत्येकीला आतून वाटत होतं की हिला खरं फक्त मीच ओळखते. आणि अजून एक निघालं ते जास्त झोंबणारं आहे. झोपेचं औषध कधी दिलं जायचं, तर नर्सची स्वतःची सहनशक्ती संपली की. कारण म्हणून पेशंटचं काहीही लिहिलेलं असो.

टेबललॅम्प
क्लिनिकल सायकॉलॉजीवाला आहे, थोडी दुरुस्ती. २४ तासांचा नियम बरोबर सांगितलाय पण अर्धा. तो ओपीडीत थेरपी घेणाऱ्या पेशंटच्या थेरपिस्टसाठी आहे, वॉर्डातल्या नर्ससाठी नाही. आणि जीवाला धोका असेल तर तो बघावाच लागतो, नियम आहे म्हणून फोन बंद करून झोपायचं नसतं. मुख्य म्हणजे त्या नियमाला अर्थ येतो तो दुसऱ्या अर्ध्यामुळे. इजा करायच्या *आधी* फोन केलास तर मी उचलेन, मग काय करता येईल ते दोघं मिळून बघू. हे आधीचं दार उघडं असलं तरच नंतरचं बंद दार काहीतरी शिकवतं. मधला_पलंगच्या वॉर्डात दोन्ही दारं बंद होती. त्याला बिहेविअर थेरपी नाही म्हणत, त्याला दुर्लक्ष म्हणतात.

आणि 'शांत चेहरा' हा प्रकार कागदावर लिहायला सोपा आहे. १९८८ मध्ये लुईस आणि अ‍ॅपलबी यांनी मानसोपचारतज्ज्ञांना केसचं वर्णन पाठवलं होतं, काहींच्या कागदावर पूर्वी पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं निदान झाल्याचं जास्तीचं लिहिलेलं. बाकी केस तीच. तरी तो पेशंट जास्त कटकट्या, लक्ष वेधून घेणारा, मदत करण्याच्या लायकीचा कमी असा ठरला. हे शिकल्यासवरल्या डॉक्टरांचं झालं आणि तेही नुसत्या कागदावर. तिसऱ्यांदा ड्रेसिंग करणाऱ्या दमलेल्या माणसाचा चेहरा खरंच कोरा राहत असेल यावर माझा विश्वास नाही. पेशंटला तर कोरा चेहरासुद्धा रागीट वाटू शकतो, बॉर्डरलाइनमध्ये हे होतं.

बँडेजवाली
@टेबललॅम्प, आधीचं दार हा मुद्दा मान्य, माझ्याच मुद्द्याला तो जोडून घ्या. मी कुठे म्हटलं की आधीही बोलू नका? माझा विरोध जखमेनंतरच्या तासाला आहे.

@मधला_पलंग, तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईटच. पण त्या सिस्टरने ड्रेसिंग करताना एकदा वर बघून 'दुखतंय का' विचारलं असतं तर ते माझ्याच पद्धतीत बसलं असतं. त्यासाठी तासभर बसायची गरज काय?

मधला_पलंग
नाही लागत तास. पाच मिनिटं पुरली असती. पण तुमच्या मूळ यादीत ती पाच मिनिटं कुठे होती? 'लिहा, निघा' होतं.

हत्तीचं_पिल्लू
तुम्ही सगळे बॉर्डरलाइनवरच अडकलाय, जे आरडाओरडा करतात त्यांच्यावरच कायम चर्चा होते. डीएसएमच्या, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकातल्या, यादीत पर्सनॅलिटी डिसऑर्डरचे दहा प्रकार आहेत. पॅरानॉइडवाल्याच्या पलंगाजवळ दोन सिस्टर कुजबुजून हसल्या की पुढचे चार दिवस तो गोळी घेत नाही. त्याच्याशी जवळीक दाखवायला गेलात तर अजून वाईट, हा माणूस एवढा गोड का वागतोय असं त्याला वाटतं. तिथे पाकीट त्याच्यासमोर फोडायचं, गोळी कसली ते सांगायचं, दिलेली वेळ पाळायची, बस. एकटं राहणंच पसंत करणाऱ्या स्किझॉइडला ग्रुपमध्ये ओढून न्यायचं नाही, त्याच्यासाठी 'एकटं सोडणं' हीच कधीकधी काळजी असते. अव्हॉयडंट (नकाराच्या भीतीने लांब राहणारे) आणि डिपेंडंटवाले (दुसऱ्यावर विसंबणारे) तर कोणाला त्रासच देत नाहीत, 'सिस्टर म्हणतील तसं' म्हणत राहतात, सगळ्यांना आवडतात आणि स्वतःचा एकही निर्णय न घेता डिस्चार्ज होतात. आणि आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीने, आयसीडी ११ ने, तर बहुतेक खोके मोडीतच काढलेत, सौम्य मध्यम तीव्र एवढंच ठरवा आणि स्वभावाचे पैलू लिहा म्हणतात. बॉर्डरलाइनचा पॅटर्न तेवढा ठेवलाय. थांबायचं की निघायचं याचं एक उत्तर सगळ्यांना कसं लागू होईल?

सिनिअर_सिस्टर
@हत्तीचं_पिल्लू मुद्दा बरोबर पण धागा सेल्फ हार्मवर आहे, तो यातल्या कोणाच्याही बाबतीत होऊ शकतो. अवांतर: अँटिसोशलचा (नियम आणि दुसऱ्यांचे हक्क न मानणारा) पेशंट असला की याच सगळ्या मायाळू सिस्टर कुठे गायब होतात तेही कधी बोलू.

घरचा_माणूस
नर्स नाही, बहिणीला बॉर्डरलाइन आहे. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. तुम्ही थांबायचं की निघायचं यावर भांडताय, बहिणीचा त्रास वेगळाच होता, कोण कधी जाणार हे तिला कधीच कळायचं नाही. एक सिस्टर होत्या त्यांच्याशी तिचं जरा जमलं होतं, त्या एक दिवस आल्याच नाहीत, सुट्टीवर गेल्या होत्या. सांगून गेल्या असत्या की अमक्या दिवसापासून मी नाही, अमुक दिवशी परत येणार, तोपर्यंत या सिस्टर बघतील, तर ती रात्र तशी गेली नसती. डिस्चार्जचंही तेच. सगळं छान चाललंय म्हणून डिस्चार्ज ठरतो, आदल्या रात्री सगळं बिघडतं, आणि मग 'बघा जायचं नाही म्हणून नाटक'. मुद्दाम नसतं हो ते, जायच्या कल्पनेनेच तिचं काहीतरी सुटतं.

टेबललॅम्प
@घरचा_माणूस +१. डिस्चार्जची तयारी अ‍ॅडमिशनच्या दिवशीच सुरू करावी असं म्हणतात ते यासाठीच. आणि जे 'हे पेशंट सुधारतच नाहीत' म्हणतात त्यांच्यासाठी. झनारिनी यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात २९० बॉर्डरलाइन पेशंट होते, सगळे हॉस्पिटलात दाखल झालेले. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानात बसणार नाहीत इतकी कमी झाली. नोकरी, नाती हे सगळं धरून पूर्ण सावरलेले मात्र निम्मेच. वॉर्डातल्या सिस्टरला हे दिसत नाही कारण बरे झालेले परत येत नाहीत, जे येतात तेच दिसतात.

रातपाळी_ब्रदर
अभ्यास वगैरे ठीक आहे. रात्री वॉर्ड भरलेला असतो आणि आम्ही दोघं. एक मॅनिक पेशंट दार वाजवतोय, एकाला विड्रॉवल (नशा सुटल्याचा त्रास) सुरू आहे, त्यात हे. मी तास बसत नाही कारण माझ्याकडे तास नाही. आणि इथे कोणी बोललं नाही म्हणून सांगतो, असं झाल्यावर मलाही राग येतो, भीती वाटते. उद्या काही झालं तर फाइलमध्ये माझं नाव. म्हणून मग पेशंटकडून 'मी स्वतःला इजा करणार नाही' असं लिहून घेतात, सही घेतात. आमच्याकडे अजून चालतं.

टेबललॅम्प
त्या सहीने आत्महत्या थांबते याचा धड पुरावा नाही. उलट इच्छा होतेय हे सांगायची चोरी होते, कारण सही केलीय ना. त्यापेक्षा ती आणि तुम्ही बसून कागदावर लिहा की सुरुवात कशी होते, तेव्हा आधी काय करून बघायचं, कोणाला हाक मारायची, आणि हाक मारली तर तो माणूस काय करेल. शेवटची ओळ पाळता येणार असेल तरच लिहा.

सिनिअर_सिस्टर
आणि ते तिन्ही शिफ्टना माहीत हवं! सकाळची म्हणते दिवसातून दोनदा बोलू, दुपारचीला पत्ता नाही, रात्रीचा म्हणतो असलं काही ठरलेलं नाही. पेशंटने काय समजायचं? मला कडक स्टाफ चालतो, मवाळ स्टाफही चालतो, शिफ्टगणिक बदलणारा स्टाफ मात्र या पेशंटना मोडून काढतो. हे माझं वैयक्तिक मत, पण बऱ्याच वर्षांचं आहे.

बँडेजवाली
चला मग मी माझी यादी बदलून लिहिते, बघा जमतंय का. प्रत्येक शिफ्टला ठरलेली दहा मिनिटं, जखम असो नसो, रडू असो नसो. ठरलेल्या वेळी सिस्टर स्वतः जाणार, पेशंटने मागायला यायचं नाही. जखम झाली तर ड्रेसिंग, वर बघून बोलणं, धोक्याचे प्रश्न, पाच मिनिटं, आणि 'आपली उद्याची वेळ तीच आहे' सांगून निघायचं. जखम झाली म्हणून ती दहा मिनिटं वाढणार नाहीत *आणि* रद्दही होणार नाहीत. जीवाला धोका वाटला तर अर्थात ऑब्झर्वेशन वाढेल, तो वेगळा विषय.

तासभर बसण्याला माझा विरोध अजूनही आहे.

मधला_पलंग
'रद्दही होणार नाहीत' हे वाक्य आवडलं. बाकी अजून पटलेलं नाही. पहिल्यांदाच असं केलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला तुम्ही पाच मिनिटांत उठून जाणार असाल तर मला ते चुकीचंच वाटतं, तिला अजून काही 'शिकायचं' बाकी नाहीये, ती घाबरलेली आहे.

टेबललॅम्प
@बँडेजवाली, जखम असो नसो ठरलेली वेळ द्यायची, हेच ब्रीफ अ‍ॅडमिशनमध्ये करतात. नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये आहे. बरं असताना आधीच करार होतो, मग पेशंट स्वतः वॉर्डात फोन करून येऊ शकतो, जास्तीत जास्त तीन रात्री, नर्सशी ठरलेलं बोलणं, स्वतःच्या गोळ्या स्वतः सांभाळायच्या. यायला बिघडावं लागत नाही.

बँडेजवाली
@टेबललॅम्प त्याच्या २०१९ च्या ट्रायलमध्ये हॉस्पिटलातले दिवस नेहमीच्या उपचारापेक्षा काही विशेष कमी झाले नव्हते, तेही सांगा.

टेबललॅम्प
बरोबर, नव्हते. लोकांना हवंसं वाटतं हे मात्र मुलाखतींत आलंय, आणि 'हवंसं वाटणं' म्हणजेच वाईट असं मी धरत नाही.

रातपाळी_ब्रदर
दहा मिनिटांवर या. सकाळ दुपार होईल. रात्री कोण आणि कधी?

सिनिअर_सिस्टर
रात्रीच्या गोळ्यांच्या राउंडला शेवटी तिचा पलंग ठेव. तिथे जावंच लागतं. गोळी दिल्यावर खुर्ची ओढून बस.

रातपाळी_ब्रदर
आणि त्याच वेळी दार वाजलं तर?

सिनिअर_सिस्टर
'दार वाजलंय, जाऊन परत येतो' म्हणायचं, आणि परत यायचं. दोन वाजले तरी.

मधला_पलंग
जागीच असते ती दोन वाजता, काळजी करू नका.