मदत हवी आहे: पुढच्या पिढीच्या शर्यतीत कुठल्या कन्सोलवर पैसे लावू? (कोल्हापूर)

रंकाळाकर: राजारामपुरीत छोटं गेमिंग पार्लर काढतोय, तीन टीव्हींचं. गिऱ्हाईक पेठांतलं, त्यामुळे दिवसभर फुटबॉलच चालणार. आत्ता सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) कन्सोल घेऊ, की पुढच्या पिढीसाठी थांबू? मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्तात मिळतोय. खर्च निदान चार वर्षं चालला पाहिजे.

पंचगंगाकाठ: थांबू नकोस भावा. पीएस४ आला २०१३ मध्ये, तरी २०२५ चा फुटबॉल गेम एफसी २६ त्यावरही निघाला. फुटबॉलचा गेम जुनं मशीन सगळ्यात शेवटी सोडतो. शिवाय सोनी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुढच्या चिपचं तंत्र दाखवलं, तेव्हा नवा कन्सोल अजून काही वर्षं लांब आहे असं पीएस५ ची रचना करणाऱ्या मार्क सर्नीनेच सांगितलं.

सिरीज एस पार्लरला नको. डिस्क ड्राइव्ह नाही, म्हणजे गेम विकता-बदलता येणार नाही. मेमरीही १० जीबीच. बाल्डर्स गेट ३ हा गेम एक्सबॉक्सवर उशिरा आला तो यावर स्प्लिट-स्क्रीन (एकाच टीव्हीचे दोन भाग करून दोघांनी खेळणं) चालेना म्हणून.

जॉयस्टिक_राजा: कोण जिंकणार म्हणशील, तर माझा कौल सोनीला. फोर्झा होरायझन ५ हा एक्सबॉक्सचा घरचा गेम, तोही एप्रिल २०२५ मध्ये पीएस५ वर आला. गेम सगळीकडे मिळायला लागले की मशीन कशाला घेणार? एक्सबॉक्स पीसीच्या वाटेने जाईल असं वाटतं. निन्टेन्डो स्वतःच्या गेमांवर तगेल, पण भारतात त्यांची अधिकृत विक्री नाही, दुरुस्तीला अडशील.

पण मागची पिढी जिंकली म्हणून पुढची जिंकेलच असं नाही. निन्टेन्डोचा वी (Wii) १० कोटींवर खपला, त्याच्यानंतरचा वी यू (Wii U) १.३६ कोटींवर थांबला. पीएस२ नंतर पीएस३ एक्सबॉक्स ३६० च्या वर्षभर मागून आणि ५९९ डॉलरला आला, तिथंच सोनीची आघाडी गेली. त्यामुळे पीएस६ ची किंमत कळेपर्यंत माझा कौल कच्चाच धर.

रंकाळाकर: मग तीन पीएस५ घेतो. जादा कंट्रोलर किती ठेवू?

पंचगंगाकाठ: आधी दोन मशीन घे, गर्दी बघून तिसरं. कंट्रोलर मात्र दोन मशीनला सहा. स्टिकखालच्या पोटेन्शिओमीटरमधला (स्टिक किती हलली ते मोजणारा भाग) कार्बनचा पट्टा घासतो आणि हात न लावता खेळाडू एका बाजूला पळायला लागतो. पार्लरमध्ये हे फार लवकर होतं. आधी गेमच्या सेटिंगमध्ये सोय असेल तर डेडझोन (स्टिकची जेवढी हालचाल गेम मोजत नाही ती) वाढव, तेवढ्याने भागलं नाही तर स्टिकचं मॉड्यूल बदलून घे. त्यात डिसोल्डरिंग (जुना झाळ वितळवून भाग काढणं) असतं, नवख्या हाताला देऊ नकोस. हॉल इफेक्टवाले (चुंबकाने हालचाल मोजणारे) मॉड्यूल मिळाले तर तेच बसव, त्यांत घासणारा पट्टा नसतो.

सहाच्या वर साठा करू नकोस. पीएस४ च्या बहुतेक डिस्क पीएस५ वर चालतात, पण पीएस४ च्या कंट्रोलरवर पीएस५ चे गेम खेळता येत नाहीत. सोनीने पुढेही तेच केलं, तर तुझ्या डिस्क वाचतील आणि कंट्रोलर पडून राहतील.