स्मृतिभ्रंशातील आरडाओरडा, संशय आणि रात्रीची जाग : फॅमिली डॉक्टरांना काय शिकवावे?

धागालेखिका, सातारा

माझ्या सासूबाई निवृत्त शिक्षिका. वय अठ्ठ्याहत्तर. स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन चार वर्षे झाली असताना त्या एका आठवड्यात अचानक बदलल्या. रात्रभर ओरडू लागल्या, नेसलेले पातळ ओढून काढू लागल्या, अंगाला हात लावू देईनात. आमचे फॅमिली डॉक्टर तीस वर्षांच्या घरोब्याचे. ते घरी आले, हा त्या आजाराचाच भाग आहे असे म्हणाले आणि झोपेची गोळी लिहून गेले. ती पुरेना, म्हणून आठवड्याने अँटिसायकोटिक, म्हणजे भ्रम आणि उग्रपणा आवरणारी गोळी आली. त्यानंतर अंग ताठरले, लाळ गळू लागली आणि एका पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला तेव्हा जवळजवळ लिटरभर लघवी तुंबलेली निघाली. वारंवार लघवीला होते म्हणून काही दिवसांपूर्वी सुरू केलेल्या गोळीने लघवीही अडवली होती आणि पोटही साफ होऊ दिले नव्हते. ती गोळी बंद केल्यावर चौथ्या दिवशी ओरडणे थांबले.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, कारण अशा वेळी काय पाहावे हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. यांपैकी बहुतेकांना पहिल्यांदा पाहतो तो गल्लीतला डॉक्टरच. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी डॉक्टरांना व्याख्याने-कार्यशाळांना हजर राहून पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. त्यांतले निदान दोन-तीन गुण या विषयासाठी सक्तीचे करावेत, असे माझे मत आहे.

फॅमिली डॉक्टर, मराठवाड्यातील तालुक्याचे गाव

ताई, आपल्या घरी जे घडले ते वाईटच झाले, आणि माझ्या हातूनही असे घडले नसेल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरीही सक्तीला माझा विरोध आहे. संध्याकाळच्या ओपीडीत माझ्याकडे साठ-सत्तर रुग्ण असतात. त्या गर्दीत तीन रात्री न झोपलेली सून समोर बसून रडत असते आणि तिला आज रात्री झोप हवी असते. मी गोळी नाकारली, तर ती मेडिकलमधून कुठलीतरी गोळी आणते, आणि मग मात्रेवर कोणाचेच लक्ष राहत नाही. आमच्याकडून मानसोपचारतज्ज्ञ पन्नास किलोमीटरवर आहेत. हॉटेलातले व्याख्यान, औषध कंपनीचे जेवण आणि सहीचा कागद, असे क्रेडिट गुण मी पुष्कळ गोळा केले आहेत. त्यांतून माझ्या हाताला नवे वळण लागले नाही. आणखी एक भीती वाटते. अशा प्रसंगांत डॉक्टरला दोषी धरण्याचा पायंडा पडला, तर आम्ही हे रुग्ण पाहणेच टाळू, आणि त्यांना दुसरे दार नाही.

मानसोपचारतज्ज्ञ, नाशिक

डॉक्टरसाहेबांचा व्याख्यानांवरचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र ‘आज रात्री झोप हवी’ या निकडीपोटी लिहिलेली गोळी दीड-दोन वर्षे चालू राहते, हा माझा रोजचा अनुभव आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये १७ चाचण्यांच्या आधारे ठळक इशारा दिला. साधारण दहा आठवड्यांच्या काळात नव्या पिढीतील अँटिसायकोटिक घेणारे सुमारे ४.५ टक्के, तर औषधच नसलेली दिखाऊ गोळी घेणारे सुमारे २.६ टक्के स्मृतिभ्रंशाचे रुग्ण दगावले होते. २००८ मध्ये हाच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू झाला. लुई बॉडी प्रकारच्या, म्हणजे मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाचे गोळे साचून होणाऱ्या, स्मृतिभ्रंशात तर हॅलोपेरिडॉलने रुग्ण लाकडासारखा होऊ शकतो.

शिकवायचे आहे ते फार मोठे नाही. बदल काही दिवसांत अचानक झाला असेल, तर तो मूळ आजार मानू नये. लघवी, शौच, ताप, रक्तातील सोडियम, दुखणे आणि गेल्या महिन्यात सुरू झालेली प्रत्येक गोळी तपासावी. यात सर्दीची आणि खाजेची गोळी आली, आणि कंप कमी करण्यासाठी सर्रास दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिलही आले. दुखण्याकडे तर आपले फारच दुर्लक्ष होते. नॉर्वेच्या शुश्रूषागृहांतील ३५२ रुग्णांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेदनेवर पायरीपायरीने उपचार केले गेले, आणि त्यांत बहुतेकांना फक्त पॅरासिटामॉल पुरले. आठ आठवड्यांत त्या गटाची अस्वस्थता १७ टक्क्यांनी कमी झाली. ज्याला ‘गुडघा दुखतो’ हे शब्द आठवत नाहीत, तो उठवायला आलेल्याला चावतो.

वृद्धसेवा कार्यकर्ती, फोंडा

मला दोन्ही डॉक्टरांशी मतभेद नोंदवायचा आहे. आपण सगळे प्रश्न दवाखान्यात नेऊन ठेवता, पण हे वर्तन घडते ते घरात. आमच्या गोव्यातल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खास प्रशिक्षण दिलेले, डॉक्टर नसलेले सल्लागार घरोघरी गेले आणि सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले.

आंघोळीला नकार हे उदाहरण घ्या. सून डोक्यावर एकदम तांब्या ओतते आणि आजी तिला मारतात. पाणी आधी पायावर घालावे, तांब्या आजींच्या हातात द्यावा, अंगावर पातळ पंचा राहू द्यावा, एवढ्याने पुष्कळदा भांडण मिटते. दिवेलागणीला ‘घरी जायचे’ असा हट्ट सुरू होतो, तेव्हा ‘हेच तुमचे घर’ असे समजावत बसण्याऐवजी त्यांच्याबरोबर अंगणात एक फेरी मारून यावे. हे सांगायला एमबीबीएस कशाला हवे? पैसा आणि वेळ सुनांना व मुलींना शिकवण्यावर खर्च व्हावा.

फॅमिली डॉक्टर, मराठवाड्यातील तालुक्याचे गाव

तांब्याची गोष्ट मी उद्यापासूनच सांगू लागेन. परंतु त्या गोव्याच्या अभ्यासात रुग्णांच्या वर्तनातील घट संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकण्याइतकी नव्हती; सुधारले ते सांभाळणाऱ्यांचे मन. तेही मोठेच काम आहे. पण ताईंच्या सासूबाईंची तुंबलेली लघवी घरी येणाऱ्या सल्लागाराला सापडली असती का? पोटावर हात ठेवून पाहणे हे माझे काम होते आणि माझेच राहील.

धागालेखिका, सातारा

आमच्याकडे त्या रात्री कोणीही पोटावर हात ठेवला नाही, मीसुद्धा. पोट साफ कधी झाले, हे मला कोणी विचारले असते तर मी सांगितले असते, कारण दिवस मोजणारी मीच होते. म्हणून सक्तीच्या व्याख्यानाचा आग्रह मी सोडते, पण शिक्षणाचा सोडत नाही. हे चार प्रश्न दवाखान्यातल्या कंपाउंडरनेही आम्हांला बाकावर बसल्या बसल्या विचारले तरी चालतील : हे कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, लघवी-शौच कसे, नवी गोळी कोणती. उत्तरे लिहिलेला कागद डॉक्टरांच्या टेबलावर आधी पोहोचला, तर साठ रुग्णांच्या गर्दीतही तो वाचता येईल.

मानसोपचारतज्ज्ञ, नाशिक

हे मला पटते. ठरवले तर गोळ्या कमी होतात, याचे उदाहरणही आहे. इंग्लंडमध्ये २००९ च्या सरकारी अहवालाने स्मृतिभ्रंशात दिलेल्या अँटिसायकोटिक औषधांमुळे वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला. पुढे देशव्यापी तपासणीत असे दिसले की, ही औषधे मिळणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे प्रमाण २००६ मध्ये सुमारे १७ टक्के होते, ते २०११ पर्यंत सुमारे ७ टक्क्यांवर आले. सक्तीबद्दल मात्र माझे मत अजून ताईंच्या पहिल्या मताकडेच झुकते. ऐच्छिक कार्यक्रमाला आधीपासून सावध असलेलेच डॉक्टर येतात.

फॅमिली डॉक्टर, मराठवाड्यातील तालुक्याचे गाव

त्यावर आपले एकमत होणार नाही. त्यापेक्षा एक विचारतो. माझ्याकडे दोन आजोबा वर्षाहून अधिक काळ क्वेटियापिन या अँटिसायकोटिकवर आहेत. दोघेही शांत आहेत, घरचे समाधानी आहेत. गोळी बंद करायची म्हटले की सून हात जोडते. सुरुवात कुठून करू?

मानसोपचारतज्ज्ञ, नाशिक

गोळी सुरू का केली होती, हे आधी जुन्या केसपेपरवर पाहा. कारण जिवावर बेतणारा हिंसक भ्रम असेल, तर घाई करू नका. तसे नसेल, तर मात्रा थोडी कमी करून काही आठवडे थांबा, मग आणखी कमी करा. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१६ च्या सूचनांनुसार औषध कमी करताना निदान महिन्यातून एकदा आणि बंद केल्यावरही किमान चार महिने लक्ष ठेवावे लागते. सुनेला आधीच सांगा की त्रास परतला, तर आपण पुन्हा कमीत कमी मात्रा सुरू करू, तिला एकटीला सोडणार नाही. दोघांपैकी ज्यांच्या घरी रात्रीला दुसरे माणूस आहे, त्यांच्यापासून सुरुवात करा आणि पहिल्या पंधरवड्यात मला फोन करा.