'भाविक' आणि 'पुरोगामी' एकाच माणसाला लावता येतात का?

शहापूरकर : मंडळी, 'भाविक' या शब्दाबद्दल विचारायचंय. आमच्या बेळगावात येणारा कुठलाही मराठी पेपर उघडा, भाविकाला दोनच क्रियापदं उरल्यात. एक तर लाखो भाविक दर्शन घेतात नाहीतर भाविकांच्या भावना दुखावतात. भाविकांनी देवस्थानचा हिशेब मागितला, भाविकांनी अमुक प्रथा चुकीची म्हणून सोडली असं वाक्य मला तरी क्वचितच दिसतं. ते सगळं पुरोगाम्यांच्या खात्यात, आणि पुरोगामी म्हटला की तो देव न मानणारा हे आपण धरूनच चालतो. टीव्हीवरच्या चर्चेत पण तेच, एका बाजूला महाराज, दुसऱ्या बाजूला नास्तिक, आणि रोज पूजा करणारा पण जात बघून पंगत नको म्हणणारा, पाळीच्या दिवसात घरच्या बाईला बाजूला न बसवणारा माणूस, त्याला कोण बोलवतच नाही. पुरोगामीचा विरुद्धार्थी शब्द प्रतिगामी आहे, आस्तिक कुठनं झाला? 1867 ला मुंबईत धर्मसुधारणेसाठी प्रार्थना समाज निघाला, नावातच प्रार्थना आहे, रानडे-भांडारकर त्यातलेच. 1947 ला साने गुरुजी विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडा म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले. यांना आजच्या मराठीत काय म्हणायचं?

खानापूरवाला : डोळस श्रद्धा म्हणतात की. डोळस भाविक म्हणा.

निपाणीची : डोळस नको वाटतंय मला, कारण मग बाकीचे आंधळे ठरतात आणि चर्चा तिथंच बंद पडते. माझ्या आत्याचं सांगते. केसात जट झाली म्हणून तिला लहानपणीच यल्लम्मा देवीची म्हणून ठरवलं होतं, मान अवघडायची, डोकं धुवायला यायचं नाही, वास यायचा. कार्यकर्ती बाई घरी आली ती कात्री घेऊन लगेच बसली नाही, आधी आत्याबरोबर देवीपुढं बसली, आत्यानं कात्रीला भंडारा लावला आणि मगच जट कापू दिली. आत्या आजपण मंगळवार-शुक्रवार धरते, पौर्णिमेला सौंदत्तीला जाते, उदं गं आई उदं म्हणताना तिचा आवाज सगळ्यात वर असतो. घरातले म्हणाले देवी कोपणार, आणि शिकलेल्या पाहुण्यांनी विचारलं जट गेली मग अजून भंडारा कशाला. आत्याचं एकच, "मी आईची हाय, जट आईची न्हवती." ह्या बाईला अंधश्रद्धाळू म्हणणार का बंडखोर? माझ्या मते ती भाविकच, पूर्ण भाविक, पुढं काही जोडायची गरज नाही.

खानापूरवाला : होय, हे पटलं, डोळस मागे घेतो. यावरून आठवलं, महाराष्ट्राचा 2013 चा कायदा आपण सगळे अंधश्रद्धाविरोधी कायदा म्हणतो पण त्याच्या नावात अंधश्रद्धा हा शब्दच नाही, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आणि जादूटोणा असे शब्द आहेत. आपल्या कर्नाटकाचा 2017 चा कायदासुद्धा तसाच, त्याच्या नावात पण अमानवीय प्रथा. आणि दोन्हीत यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना स्पष्ट मोकळीक आहे. म्हणजे माणसाला इजा होते का, त्याला लुबाडतात का, एवढंच कायदा बघतो, मनात देव आहे का विचारत नाही. हा बारकावा कायद्याला जमला आणि आपल्या चर्चांना जमत नाही याचं खरंच वाईट वाटतं. कन्नडमध्येपण श्रद्धा-अंधश्रद्धेसारखीच नंबिके आणि मूढनंबिके अशी जोडी आहे बघा, पण नंबिके म्हणजे भरवसापण. शेजाऱ्यावर ठेवतात तोच शब्द देवावर ठेवायला, त्यामुळे नंबिके म्हटलं की भरवसा मोडला का हे विचारायची सोय राहते.

शहापूरकर : भरवशाचं चांगलं सांगितलंत. निपाणीच्या ताईंचं मला जास्त पटतंय, विशेषण जोडलं की बिनविशेषणाचा भाविक आपोआप अडाणी ठरतो. पुरोगामी भाविक म्हणण्यात पण तीच अडचण. तेव्हा शब्द आहे तोच ठेवू आणि क्रियापदं वाढवू. पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीच्या देवळाची मीटिंग आहे, जमाखर्च बोर्डावर लावा म्हणून आम्ही अर्ज देणार आहोत, त्यात सुरुवातच "आम्ही भाविक विचारतो की" अशी करतोय. पेपरला बातमी गेली तर तिथंपण हेच वाक्य द्यायला सांगणार.