टेंपो ट्रॅव्हलर कॅम्पर: व्हेंटची गळती आणि दुसऱ्या बॅटरीचं चार्जिंग, सल्ला हवा

रानवाट:
नमस्कार मंडळी. ट्रॅव्हलरचं कॅम्परकाम (आत राहता येईल अशी गाडी करणं) घरीच चालू आहे. दोन गोष्टी अडल्यात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत निस्तरायच्या आहेत.

१. छताला १४ इंची व्हेंट (हवा खेळण्याची खिडकी) आहे, कडेनं सिलिकॉन भरलेलं. पाणी मात्र व्हेंटपाशी न ठिपकता मागच्या दाराच्या वर, प्लायच्या सांध्यातून येतं. वरून आणखी सिलिकॉन फिरवलं, फरक शून्य. प्लायमागे ग्लासवूल आहे.

२. मागे १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिनच्या बॅटरीवरून मागची चार्ज करणारा). इंजिनच्या बॅटरीपासून चार्जरपर्यंत ६ चौरस मिमीची वायर, एकेरी लांबी ६ मीटर, प्लस आणि मायनस दोन्ही ओढलेल्या. गाडी चालू असताना चार्जर दर काही सेकंदांनी चालू-बंद होतो. वायरमन म्हणतो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) मोठा टाका. टाकावा का?

पत्रेवाला:
आधी पाण्याचं बघू, कारण ते थांबल्याशिवाय बाकीच्या कामाला अर्थ नाही.

पाणी ठिपकतं तिथूनच आत शिरतं असं समजू नका. छताच्या पत्र्याला आतून आडव्या पट्ट्या असतात. पाणी त्यांच्यावरून सरकत उताराच्या बाजूला जातं आणि पहिली फट मिळेल तिथे उतरतं. गाडी मागे किंचित झुकलेली उभी असेल तर व्हेंटचं पाणी मागच्या दारावर येणारच. म्हणून मागचा आणि व्हेंटभोवतीचा प्लाय उतरवा, मग शोध घ्या.

शोधायची पद्धत अशी. सगळ्या काचा बंद, ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर ठेवून फुल स्पीडला. आत थोडा दाब तयार होतो. छतावर साबणाचं पाणी ब्रशनं लावा: व्हेंटची कड, प्रत्येक स्क्रूचं डोकं, सोलरच्या वायरीचं भोक, पत्र्याचे जोड. फट असेल तिथे बारीक बुडबुड्यांची रांग उठते. त्यानंतर पाइपनं पाणी मारून खात्री करा. त्यात खालून वर जायचं: आधी दाराची रबरं, मग गटर, मग छत. एकेका जागी दहा मिनिटं. एकदम छतावर पाणी ओतलं तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही.

आता सिलिकॉन. रंगवलेल्या पत्र्यावर ते आधी चिकटतं, पण उन्हात पत्रा ताणला-आकसला की कडेनं सुटतं. जुन्या सिलिकॉनवर तर दुसरं काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. म्हणून वरून फिरवून फरक पडला नाही. व्हेंट पूर्ण काढावा लागेल.

काढल्यावर प्लास्टिकच्या खरवडणीनं सगळं सिलिकॉन काढा. लोखंडी पातं लावू नका, रंग उडाला की तिथे गंज सुरू. नंतर सिलिकॉन रिमूव्हर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पांढरं सुती कापड. साफ झालं का ते असं बघा: पत्र्यावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब पसरून पातळ थर झाला तर पत्रा स्वच्छ. गोल मोत्यासारखा बसून राहिला तर सिलिकॉन अजून आहे, परत घासा.

कापलेली कड बघा. उघडा पत्रा दिसत असेल तर कानशीनं धार मोडा, झिंक प्रायमर लावा, वर रंगाचे दोन हात. पत्रा कापताना किंवा ड्रिल मारताना उडालेला किस छतावर ठेवू नका. एका रात्रीच्या दवानं तो गंजतो आणि रंगात तांबडे ठिपके कायमचे बसतात. आधी वर्तमानपत्र चिकटवायचं, नंतर लोहचुंबक फिरवायचं.

छताला नळ्या म्हणजे उंच-सखल घड्या असतील तर व्हेंटची सपाट फ्लँज (बाहेरचा काठ) त्यावर बसत नाही, मधे पोकळी राहते. ती नुसत्या सीलंटनं भरायची नसते. घडीच्या खोलीइतक्या जाडीच्या एसीपी (ॲल्युमिनियम-प्लास्टिकचा पत्रा) किंवा एबीएस प्लास्टिकच्या पट्ट्या कापून पॉलियुरेथेन (पीयू) ॲडहेसिव्हनं चिकटवा, सगळं एका पातळीत आणा. मग फ्लँजखाली ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), आतून २० बाय २० मिमीची ॲल्युमिनियम चौकट आणि स्टेनलेसचे स्क्रू. समोरासमोरचे स्क्रू जोडीनं आवळा, टेप कडेनं जरा बाहेर आली की थांबा. जोर लावून आवळलं तर सगळं ब्युटिल बाहेर येतं आणि खाली काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी ते बसतं, तेव्हा प्रत्येक स्क्रूला अर्धा फेरा द्या. शेवटी कडेनं आणि स्क्रूच्या डोक्यांवर पीयू सीलंट, सिकाफ्लेक्स २२१ किंवा त्या जातीचं.

सीलंट लावण्याआधी अल्कोहोल पूर्ण उडू द्या. ओलं अल्कोहोल पीयूला पक्कं होऊ देत नाही. काम सकाळी करा, दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर वरची साय लगेच धरते आणि खाली फुगे राहतात. पीयू हवेतल्या ओलाव्यानं दिवसाला साधारण ३ मिमी पक्कं होतं, तेवढे दिवस गाडी हलवू नका.

कोपरापाना:
सिलिकॉनबद्दल एक भर. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते तर उघड्या पत्र्याजवळही नेऊ नका, त्यातल्या ॲसिटिक ॲसिडनं लोखंड गंजतं. न्यूट्रल सिलिकॉन आत सिंकच्या कडेला ठीक आहे. छतावर नाही.

बारा व्होल्ट:
अल्टरनेटर बदलू नका. दोष वायरीत आहे, हिशोब मांडतो.

चार्जर बॅटरीला ३० अँपिअर १४.२ व्होल्टला देतो म्हणजे ४२६ वॅट. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर आत ४७० वॅटच्या आसपास लागतात, म्हणजे तारेतून ३५-३६ अँपिअर. एक चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे ०.०१७५ ओहम. जाऊन-येऊन १२ मीटर, ६ चौरस मिमी: ०.०३५ ओहम. गुणिले ३६, म्हणजे सव्वा व्होल्ट वायरीतच गेला. अल्टरनेटरनं १४ दिले तरी चार्जरपाशी पावणेतेराच्या खालीच पोचतात, आणि थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड), फ्यूज होल्डर आणखी थोडं खातात.

पुढची गंमत बघा. इनपुट ठरलेल्या पातळीखाली गेलं की चार्जर थांबतो (पातळी मॅन्युअलमध्ये दिलेली असते). थांबला की लोड गेला, व्होल्टेज परत १४ वर चढलं, चार्जर चालू, परत पडलं. तुमचं चालू-बंद हेच आहे.

खात्री करायला मल्टीमीटरनं दोन जागी मोजा, चार्जर चालू असताना: इंजिनच्या बॅटरीच्या टोकांवर आणि चार्जरच्या इनपुट टर्मिनलवर. पहिल्या जागी १३.८ ते १४.४ असेल आणि दुसऱ्या जागी व्होल्टभर कमी, तर वायर. पहिल्या जागीच कमी असेल तर अल्टरनेटर आणि बेल्टकडे बघू.

उपाय: २५ चौरस मिमीची बारीक तारांची केबल. त्यात घट ०.३ व्होल्टवर येते. १६ नं अर्ध्या व्होल्टच्या आत येईल, चालेल, पण एकदाच ओढायची तर २५ ओढा. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबायचे, हातोडीनं नाही. सोल्डर नको: त्याच्या कडेला तार कडक होते आणि गाडीच्या थरथरीनं तिथेच तुटते. इंजिनच्या बॅटरीपासून १८ सेमीच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज. मागच्या बॅटरीकडे चार्जरच्या आउटपुटवर ४० चा, तोही बॅटरीच्या बाजूला. मागची बॅटरीसुद्धा त्याच वायरीत उलटा करंट सोडू शकते, हे पुष्कळ जण विसरतात. फ्यूज वायरीचं रक्षण करतो, उपकरणाचं नाही. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) केबल नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडी) लागतोच.

केबल येईपर्यंत चार्जरला अर्ध्या करंटचं सेटिंग असेल तर १५ वर ठेवा. घट ०.६ वर येईल आणि तो न थांबता चालेल. इग्निशनचा सिग्नल जोडलेला आहे ना तेही बघा, नाहीतर इंजिन बंद असताना पुढची बॅटरी उतरेल.

रानवाट:
मोजलं. पुढे १४.१, चार्जरपाशी १२.६ आणि १३.९ मध्ये हेलकावे. म्हणजे वायरच. व्हेंटच्या एका कोपऱ्यात बुडबुडेही आले.

आता दोन शंका. ग्लासवूल खालच्या बाजूला ओलं निघालं, वाळवून परत वापरू का? आणि १,००० वॅटचा इन्व्हर्टर आहे, त्यावर १,२०० वॅटची इंडक्शन कमी सेटिंगवर चालेल का?

बारा व्होल्ट:
नाही चालणार. पुष्कळशा स्वस्त इंडक्शन कमी सेटिंगवर करंट कमी करत नाहीत, पूर्ण ताकदीनं चालू-बंद होतात. चालू असताना १,२०० वॅट हवेतच, इन्व्हर्टर ट्रिप होणार. मोठा इन्व्हर्टर लावला तरी बॅटरीतून ११० अँपिअरच्या आसपास जातील आणि १०० अँपिअरचं बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) कट मारेल. सलग खालच्या ताकदीवर चालणारी ५००-६०० वॅटची शेगडी घ्या, किंवा बाहेर गॅस.

पत्रेवाला:
ग्लासवूल टाकून द्या. वाळलं तरी पत्र्याला चिकटून ओल धरतं आणि गंज आतून बाहेर येतो, दिसेपर्यंत पत्रा कुरतडलेला असतो. पत्रा उघडा झालाच आहे तर तारेच्या ब्रशनं गंज झाडा, रस्ट कन्व्हर्टर, इपॉक्सी प्रायमर. मग एसीच्या डक्टवर लावतात ते १९ मिमीचं नायट्राइल रबर, मागे चिकट असलेलं. त्यात पाणी शिरत नाही. सांध्यांवर त्याचीच टेप. आपल्याकडे उष्णता छतातून सर्वात जास्त येते, माल कमी पडला तर छत पूर्ण करा, बाजू नंतर.

स्प्रे फोम खांबांच्या आणि दारांच्या पोकळीत अजिबात मारू नका. खाली पाणी निघायची भोकं असतात, ती बुजतात. दाराच्या तळाला काडी घालून ती भोकं मोकळी आहेत ना ते आत्ताच बघा.

रानवाट:
समजलं. मग प्लाय कधी परत लावू?

पत्रेवाला:
घाई नको. रबर लावा, पण व्हेंटभोवती हातभर पत्रा उघडाच ठेवा आणि त्यावर खडूची जाड रेघ ओढून ठेवा. थेंब जरी आला तरी रेघेत ओघळ दिसतो. दोन मोठे पाऊस झाले आणि रेघ जशीच्या तशी राहिली, की लावा प्लाय. स्क्रूनंच लावा, चिकटवू नका, म्हणजे पुन्हा उघडता येईल.