कॅम्पर व्हॅनसाठी टो बारवरचा सायकल रॅक : निवड कशी करावी?

प्रेषक : लीड्समधील सभासद
प्रति : मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

आम्ही नुकतीच वापरलेली फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी६ कॅम्पर व्हॅन घेतली आहे. ती आखूड व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर कमी असलेली) आहे, तिचे एकूण अनुज्ञेय वजन ३००० किलो आहे आणि मागचे दार एकसंध असून वर उचलले जाते. आधीच्या मालकाने टो बार (ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे बसवतात ती गोळा असलेली दांडी) बसवून घेतलेला आहे व त्याच्या शेजारी दिव्यांच्या जोडणीसाठी सात पिनांचे सॉकेट आहे. आम्हाला दोन ई-बाईक आणि मुलीची २० इंची सायकल न्यायची आहे. मे महिन्यात लेक डिस्ट्रिक्टमधील केझिकला आणि शाळेच्या मोठ्या सुट्टीत स्कॉटलंडजवळच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर जाण्याचा बेत आहे.

दुकानात चौकशी केली तेव्हा मागच्या दारालाच अडकवायचा रॅक दाखवण्यात आला. घरात मात्र टो बार आहेच तर त्यावरचाच रॅक घ्यावा असे मत आहे. आमचे अंथरूण, कपडे आणि किराणा मागच्या दारातूनच बाहेर काढावा लागतो, त्यामुळे ते दार दिवसभर उघडत राहते. कोणता रॅक घ्यावा, हे ज्यांनी असा रॅक वापरला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आपली,
लीड्सहून

---

प्रेषक : शेफिल्डमधील सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण कोणता रॅक घ्यावा असे विचारले आहे. परंतु कॅम्पर व्हॅनच्या बाबतीत कंपनी कोणती हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी टो बारवरची पाटी वाचावी, मग मागच्या एक्सलला (चाकांच्या आसाला) किती भार सोसवेल ते पाहावे, आणि त्यानंतर सायकली चढवलेल्या असताना मागचे दार उघडेल का याची खात्री करून घ्यावी. एवढे झाले की बाजारातले बरेचसे रॅक आपोआप बाद होतात आणि उरलेल्या दोन-चारांतून निवड करणे सोपे जाते.

दाराला अडकवायचे रॅक वाईट नसतात. थुले आणि फियामा या दोन्ही कंपन्या ट्रान्सपोर्टरसाठी तसे रॅक बनवतात आणि साध्या सायकली असतील तर ते उत्तम काम देतात. मात्र त्यात सायकल जवळजवळ छातीपर्यंत उचलावी लागते आणि वीस-पंचवीस किलोची ई-बाईक तेवढी उचलणे हे एकट्याचे काम नव्हे. शिवाय त्या साऱ्या वजनासकट दार उघडायचे म्हणजे दाराच्या गॅस स्ट्रटवर (दार वर धरून ठेवणाऱ्या दांड्यांवर) ताण येतो. ते थोडे जुने झालेले असले तर दार वर टिकत नाही आणि अधिक ताकदीचे स्ट्रट बसवून घ्यावे लागतात. टो बारचा गोळा भरलेल्या गाडीत जमिनीपासून साधारण ३५ ते ४२ सेंटिमीटर उंचीवर असतो, त्यामुळे त्यावरच्या रॅकच्या, सायकलीची चाके ठेवायच्या पन्हळी गुडघ्याच्या आसपास येतात. पुढचे चाक आधी ठेवून मागचे उचलले की झाले. ई-बाईक असलेल्या घराने टो बारचाच मार्ग धरावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता वजनाचे पाहू. टो बारवर एक लहान धातूची पाटी असते आणि तिच्यावर ‘डी’ व ‘एस’ अशा दोन अक्षरांपुढे आकडे असतात. आपल्याला हवा आहे तो ‘एस’पुढचा आकडा, गोळ्यावर सरळ खाली किती भार चालतो, ते तो सांगतो. ट्रान्सपोर्टरवर तो पुष्कळदा १०० असतो, परंतु बाहेरून बसवलेल्या टो बारवर तो कमीही असू शकतो. पाटी चिखलाने किंवा रंगाने झाकलेली असेल तर ब्रशने घासून, विजेरीच्या उजेडात वाचावी. गाडीच्या माहितीपुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर दोन्हींपैकी कमी तोच धरावा.

आपल्या सायकलींचा हिशेब मी असा मांडतो. ई-बाईक प्रत्येकी २४ किलोची धरली आणि बॅटरी काढून आत ठेवली, तर सुमारे ३ किलो कमी होऊन प्रत्येकी २१ किलो उरते. मुलीची सायकल १० किलो. तीन सायकलींचा घडीचा रॅक स्वतःच २० ते २५ किलोचा असतो. तो २२ धरू. एकूण ७४ किलो झाले. पाटीवर १०० असेल तर निश्चिंत राहावे. पण ७५ असेल तर आपण काठावर आहात, हेल्मेटची पिशवीसुद्धा रॅकला लटकवू नये. गोळ्याची क्षमता १०० असली तरी रॅकची स्वतःची मर्यादा वेगळी असते. चांगल्या रॅकवर बहुधा एकूण ६० किलोच्या सायकली चालतात आणि प्रत्येक सायकलीची मर्यादाही दिलेली असते. तीन सायकलींच्या रॅकमध्ये सर्वांत बाहेरच्या जागेची मर्यादा अनेकदा कमी असते, म्हणून जड सायकली गाडीच्या बाजूला आणि मुलीची सायकल बाहेर ठेवावी.

एवढ्यावर पुष्कळ लोक थांबतात, पण कॅम्पर व्हॅनचा खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझे वाढले की गाडी उलाळ होते, म्हणजे पुढून उचलली जाते, तसेच इथेही घडते. आखूड ट्रान्सपोर्टरच्या दोन एक्सलांमध्ये ३ मीटर अंतर असते. सायकलींचा मध्य मागच्या एक्सलच्या साधारण १.४ मीटर मागे येतो असे धरले, तर ७४ किलोचा भार मागच्या एक्सलवर सुमारे १०८ किलो होऊन पडतो आणि पुढच्या एक्सलवरचे सुमारे ३४ किलो उचलले जातात. आपल्या व्हॅनमध्ये लाकडी कपाटे, दुसरी बॅटरी, पाण्याची टाकी, झोपण्याचा बाक हे सारे बहुतेक मागेच बसवलेले असते. तेव्हा व्हॅनचे एकूण वजन ३००० किलोच्या आत असूनही मागचा एक्सल मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो.

दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली गाडीची पाटी असते. तिच्यावर चार आकडे एकाखाली एक असतात. पहिला एकूण वजनाचा, दुसरा ट्रेलरसह वजनाचा, तिसरा पुढच्या एक्सलचा आणि चौथा मागच्या एक्सलचा. सहलीला निघताना असते तशी व्हॅन भरून, टाकीत पाणी घेऊन आणि घरातली सर्व माणसे बसवून जवळच्या सार्वजनिक वजनकाट्यावर न्यावी आणि मागचा एक्सल वेगळा तोलून घ्यावा. थोडेसे शुल्क पडते, पण त्यानंतर अंदाजाने बोलण्याचे कारण उरत नाही. वजन काठावर येत असेल तर पाण्याची टाकी भरून नेण्याऐवजी मुक्कामाच्या जागी भरावी. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो.

दाराचा मुद्दा आपण स्वतःच अचूक ओळखला आहे. बहुतेक रॅक पायाने कळ दाबली की सायकलींसकट मागे झुकतात, आणि साध्या मोटारीच्या डिकीसाठी तेवढे पुरते. ट्रान्सपोर्टरचे दार मात्र उंच आहे. उघडताना त्याची खालची कडा मोठा कंस घेत मागे येते आणि अर्धवट झुकलेल्या सायकलींच्या हँडलवर आदळते. म्हणून एक तर पूर्ण ९० अंशांपर्यंत झुकणारा रॅक हवा, जसा उब्लरच्या आय२१ या दोन सायकलींच्या रॅकचा एक प्रकार आहे, किंवा रुळांवरून मागे सरकणारा हवा, जसा अटेराचा स्ट्राडा डीएल. खरेदीपूर्वी एकाने दार हळूहळू उघडावे आणि दुसऱ्याने बंपरपासून कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजत जावे; सर्वांत मोठा आकडा कागदावर लिहून दुकानात न्यावा. त्याहून चांगले म्हणजे व्हॅन आणि सर्वांत मोठी सायकल घेऊन दुकानात जावे आणि तिथेच रॅक लावून दार उघडून पाहावे. जो दुकानदार याला तयार होत नाही, त्याच्याकडून रॅक घेऊ नये.

टो बारचा गोळा कोणत्या प्रकारचा आहे, तेही कळवावे. वाकड्या मानेचा स्वान नेक असेल तर अडचण नाही. दोन बोल्टांनी बसवलेला फ्लँज बॉल असेल तर काही रॅकच्या जबड्याला मागे पुरेशी जागा मिळत नाही. अशा वेळी लांब मानेचा गोळा बसवून घ्यावा लागतो.

आपला,
शेफिल्डहून

---

प्रेषक : न्यूकॅसलमधील सभासद

सर्वांना सप्रेम नमस्कार.

काकांनी वजनाचे सर्व लिहिलेच आहे, म्हणून मी विजेच्या जोडणीपुरते लिहिते. बहुतेक नव्या रॅकच्या दिव्यांचा प्लग तेरा पिनांचा असतो. सात पिनांच्या सॉकेटला जोडण्यासाठी स्वस्त अडॅप्टर मिळतो आणि तो कायदेशीरही आहे. मात्र सात पिनांत रिव्हर्सच्या दिव्याची तार नसते. ज्यांना अंधारात कॅम्पसाइटवर गाडी मागे घ्यावी लागते, त्यांनी तेरा पिनांचे सॉकेट बसवून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण सायकलींमुळे आरशात काही दिसत नाही आणि मागचा कॅमेराही झाकला जातो.

सॉकेट बदलताना गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेला वायरिंग संच मागावा आणि गाडीच्या संगणकात कोडिंग करून घ्यावे. आमच्या व्हॅनला बसवणाऱ्याने कोडिंग केले नव्हते, त्यामुळे रॅक जोडला की पार्किंगचे सेन्सर सतत वाजत राहत आणि बल्ब गेल्याची सूचना डॅशबोर्डवर येत असे; दुसऱ्या कारागिराकडून कोडिंग करून घेतल्यावर दोन्ही थांबले. व्यवस्थित जोडणी असेल तर रॅकचा फॉग दिवा (धुक्यात लावायचा मागचा दिवा) लागताच गाडीचा स्वतःचा फॉग दिवा बंद होतो आणि सायकलींवर आपटून उजेड डोळ्यांवर येत नाही.

आमच्या व्हॅनला मागे दोन झडपांची दारे आहेत. तशी दारे असलेल्या सभासदांनी झुकणारा रॅक पाहण्यात वेळ घालवू नये. बाजूला उघडणाऱ्या दारांपुढून रॅक पूर्ण हटावा लागतो, म्हणून बिजागरीवर वळून बाजूला जाणाराच रॅक शोधावा. तो जड असतो, हे मात्र हिशेबात धरावे.

आपली,
न्यूकॅसलहून

---

प्रेषक : लीड्समधील सभासद

काका, ताई, आपले मनःपूर्वक आभार.

पाटी घासून वाचली. ‘एस’ १०० आहे. गोळा दोन बोल्टांचा आहे, म्हणजे लांब मानेचा बसवून घेऊ. वजनकाट्यावर मागच्या एक्सलच्या मर्यादेत रॅक आणि सायकलींच्या वजनासाठी पुरेशी सवड निघाली, परंतु पाण्याची टाकी रिकामी ठेवण्याचे ठरवले आहे. सरकणारा रॅक प्रत्यक्ष व्हॅनला लावून पाहिला. सायकली चढवलेल्या असताना दार मोकळेपणाने उघडले आणि आतला क्रेट सहज बाहेर काढता आला, तेव्हा तोच घेत आहोत. नंबरप्लेटचे काय करावे लागते आणि हेब्रिडीजच्या फेरीबोटीसाठी काही वेगळे आहे का, एवढे सांगावे.

आपली,
लीड्सहून

---

प्रेषक : शेफिल्डमधील सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

निवड योग्य झाली, याचा आनंद वाटला.

सायकलींमुळे मागची नंबरप्लेट झाकली जात असल्याने रॅकवर तिसरी प्लेट लावावी लागते. ती पिवळीच हवी आणि नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी. तो व्ही५सी (गाडीचे नोंदणीपत्र) आणि ओळखीचा पुरावा मागतो. हाताने लिहिलेला पुठ्ठा चालत नाही आणि दंड १००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. विमा कंपनीलाही टो बार असल्याचे लेखी कळवावे, कारण आधीच्या मालकाने बसवलेली वस्तू आपल्या विम्यात आपोआप नोंदली जात नाही.

फेरीबोटीचे भाडे गाडीच्या लांबीवर ठरते आणि ती लांबी रॅकसकट धरतात. आपली व्हॅन ४.९ मीटरची आहे. तीन सायकलींसह ती पावणेसहा मीटरच्या आसपास जाईल. कॅलमॅक या फेरीबोट कंपनीचे आरक्षण करण्यापूर्वी सायकली चढवून, पुढच्या बंपरपासून शेवटच्या हँडलपर्यंत टेप धरून मोजावे आणि तोच आकडा द्यावा. उन्हाळ्यात उलापूल ते स्टॉर्नोवे किंवा ओबन ते कॅसलबे या फेऱ्या लवकर भरतात आणि धक्क्यावर लांबी वाढवून मागितली तर जागा मिळेलच असे नाही.

रॅक प्रथम बसवताना गोळा आधी स्वच्छ करावा. ट्रेलरसाठी त्यावर ग्रीस लावलेले असते. रॅकचा जबडा मात्र घर्षणावर धरतो, म्हणून कापडाला ग्रीस काढणारा द्रव लावून गोळा कोरडा आणि चकचकीत होईपर्यंत पुसावा. खटका जोर लावूनच बंद व्हायला हवा. हलक्या हाताने बंद झाला तर माहितीपुस्तिकेप्रमाणे जबडा आवळावा. त्यानंतर रॅकची टोके दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे जोराने हलवावीत. व्हॅन हलली पाहिजे, पण गोळ्यावर रॅक फिरता कामा नये. मुलीच्या सायकलीची चौकट लहान असेल तर सीटच्या दांड्यापासून हँडलपर्यंत अडकवायची आडवी दांडी मिळते, ती घ्यावी. आणि पावसाचे आवरण चालत्या गाडीत घालू नये. ते वाऱ्याने फुगते, रॅकवर ताण आणते आणि दिवे झाकते.

केझिकला रेल्वेमार्गाच्या जुन्या वाटेवरून थ्रेलकेल्डपर्यंत मुलीला अवश्य न्यावे. डेस्मंड वादळाने २०१५ मध्ये तिथले पूल वाहून गेले होते; २०२० च्या डिसेंबरात वाट पुन्हा खुली झाली आणि आता ती सपाट व सुरक्षित आहे. तिथे पोहोचेपर्यंत वाटेत पहिल्या थांब्यावर पट्टे आणि खटका पुन्हा एकदा तपासावा, कारण नवे पट्टे पहिल्या तासात थोडे सैल होतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शेफिल्डहून