बाबांसाठी जुना प्लाझ्मा: व्हीटी६० की एफ८५००?

आरामखुर्ची:
वापरलेला प्लाझ्मा टीव्ही घ्यायचाय, बाबांसाठी. दोन सेट मिळतायत, दोन्ही २०१३ चे, ६० इंची, फुल एचडी. एक पॅनासॉनिकचा व्हीटी६०, दुसरा सॅमसंगचा एफ८५००.

प्लाझ्माच का, तेही सांगतो. बाबांची खुर्ची खिडकीपाशी, टीव्हीला बरीच तिरकी आहे. गुडघ्यामुळे त्यांना पाय लांब करून बसावं लागतं आणि तशी जागा तिथेच आहे. आमच्या एलईडी टीव्हीवर त्या कोनातून काळा रंग पार राखाडी होतो. बाबा डीव्हीडीवर जुने कृष्णधवल चित्रपट बघतात. परवा म्हणाले, "अंधारात कोण उभंय ते दिसतच नाही, नुसता आवाज येतो." तेव्हापासून मला राहवत नाहीये.

व्हीटी६०चा काळा जास्त गडद आणि एफ८५००चा उजेड जास्त, एवढं वाचलं. पण दोन्ही सेट वेगवेगळ्या घरांत आहेत, शेजारी लावून बघता येणार नाहीत. ठरवायचं कसं?

फॉस्फर:
आधी एक सांगा, बाबा टीव्ही बघतात कधी? दिवसा की रात्री? पडदे ओढलेले असतात का?

हे विचारतोय कारण माझ्याकडे अकरा वर्षं प्लाझ्मा होता आणि मी नेमकी हीच चूक केली होती. अंधाऱ्या खोलीत सेट पाहिला, काळ्या रंगावर भाळलो आणि घरी आणून खिडकीसमोर ठेवला. दुपारी त्यावर आमची पुस्तकांची मांडणी दिसायची, चित्रपट नाही.

तुमचा तिरक्या कोनाचा विचार बरोबर आहे. प्लाझ्मात प्रत्येक बिंदूच्या बारीक कप्प्यांत वायू असतो. विजेने त्यातून अतिनील किरण निघतात आणि ते आतल्या फॉस्फरच्या थराला उजळवतात. मागून दिवा नाही, त्यामुळे बाजूने बघितलं तरी चित्र फारसं बदलत नाही. या बाबतीत दोन्ही सेट सारखेच समजा.

फरक उजेडात आहे. प्लाझ्मा संपूर्ण पांढरं दृश्य पूर्ण ताकदीने दाखवू शकत नाही. वीज मर्यादेत राहावी म्हणून सेट स्वतःच उजेड खाली आणतो. बर्फाचं किंवा आभाळाचं दृश्य आलं की चित्र मंदावतं ते यामुळे. एफ८५०० इथे बराच पुढे आहे, उजेडाच्या खोलीसाठी तोच. रात्री दिवे मालवून बघणार असाल तर मी डोळे मिटून व्हीटी६० घेईन. त्या अंधारात चेहऱ्यावरची सावली सावलीसारखीच राहते, राख होत नाही. माझा सेट गेला त्याला वर्षं झाली, अजून त्याची आठवण येते.

आणि मॉडेलइतकंच महत्त्वाचं म्हणजे तो सेट कसा वापरला गेलाय. वीस मिनिटं चालू राहू द्या, मग पूर्ण राखाडी आणि पूर्ण पांढरं चित्र लावा. पेन ड्राइव्हवर घरूनच न्या. कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का किंवा तळाशी बातम्यांची पट्टी दिसली तर काही वेळ चलचित्र चालवून पुन्हा बघा. पुसट होत गेली तर ती तात्पुरती छाप, हूं की चूं न करता तशीच राहिली तर कायमचा डाग. पांढऱ्या चित्रावर आवाज बंद करून कान लावा. थोडी गुणगुण चालते, पण खुर्चीपर्यंत ऐकू आली तर शांत संवादांत रोज खटकेल. किती तास चाललाय तेही विचारा. तासांनी घाबरू नका. या पिढीच्या पॅनेलचा उजेड निम्म्यावर यायला १,००,००० तास, असा कंपन्यांचा दावा होता. रोज आठ तास धरले तरी चौतीस वर्षं.

काठावरचा:
थोडं विरोधात बोलतो. पॅनासॉनिकने २०१३ अखेर प्लाझ्मा थांबवले, सॅमसंग आणि एलजीनेही २०१४ मध्ये. पॅनेल गेलं तर नवं मिळणार नाही, वीजही भरपूर खातो. ओएलईडीतही प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि बाजूने छान दिसतो. छोटा घ्या, पण तो घ्या.

आरामखुर्ची:
ओएलईडी बजेटात बसला असता तर विचारलंच नसतं. आणि साठ इंच हवेत, कारण बाबांना आता लहान चेहरे ओळखू येत नाहीत.

फॉस्फर, बाबा दुपारी दोन ते पाच बघतात, पडदे उघडे. मध्येच पेपर वाचतात, त्यांना तो उजेड हवा असतो.

फॉस्फर:
मग एफ८५००. तरी दोन्ही बघा, आणि बाबांची डीव्हीडी घेऊन जा. शक्य असेल तर बाबांनाही.

आरामखुर्ची:
काल दोन्ही पाहून आलो, बाबा सोबत होते. व्हीटी६०च्या मालकांनी दिवे मालवून दाखवला. बाबा चक्क पुढे सरकून बसले, मलाही बोलवेना. मग मी खिडकी उघडायची विनंती केली आणि स्टूल खुर्चीच्या कोनात ठेवलं. अंधारातला माणूस पुन्हा हरवला. एफ८५००चा काळा तेवढा खोल नाही, पण भर दुपारी त्याच दृश्यात बाबांनी बोट दाखवून सांगितलं, "हा बघ, जिन्याखाली." डाग नाही, गुणगुण अगदी जवळ गेल्यावरच. तोच ठरवला.

रविवारी आणायचाय. गाडीत आडवा ठेवला तर चालेल?

फॉस्फर:
आडवा नको. काच मोठी आणि जड असते, सपाट ठेवली की खड्ड्यात मधोमध ताण येतो. उभाच बांधा, दोन माणसं धरायला न्या. स्टँड आणि त्याचे स्क्रू तिथेच मोजून घ्या, ते नंतर मिळायला कठीण. पहिले काही आठवडे कॉन्ट्रास्ट मध्यम ठेवा आणि चित्रपट संपल्यावर डीव्हीडीचा मेनू तसाच सोडू नका. बाबांना झोप लागली तर तो तासन्तास तिथेच राहतो.